चोवीस इंची आणि लेडीज

भात कापायला आलं की बदलापुरात अजूनही तो वास सुटतो. ओल्या पेंढ्याचा, थोडा आंबूस, थोडा गोडसर. आता भात उरलंय कुठे म्हणा! मांजर्लीकडे दोन इमारतींच्या मधोमध एखादं खाचर बिल्डरच्या नजरेतून कसंबसं निसटलेलं असतं, त्याच्या बांधावर ‘बुकिंग चालू’ असा फलक असतो आणि त्या फलकाखाली कुणी म्हातारा-म्हातारी विळे घेऊन वाकलेली दिसतात. माझ्या नाकाला तेवढंसं खाचरही पुरतं. या वासाने लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं, गाव आठवतं. माझं डोकं फिरतं. या दिवसांत माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडतं, भांडी जरा जोरात आपटतात आणि घरातली माणसं आपापसात म्हणतात, ऑक्टोबर हीट आहे, आईला सोसत नाही. मीही म्हणते, हो, उकाडाच फार आहे.

यंदा त्यात सायकलींची भर पडली. आमच्या सोसायटीतली तरुण जोडपी रविवारी सकाळी हेल्मेटं घालून बारवी धरणाच्या रस्त्याला सायकली दामटतात आणि परत आली की फोटो टाकतात. त्यांचं बघून माझ्या मुलाने, नीलेशने, आणि सुनेने, प्राचीने, ठरवलं की आपणही घ्यायच्या. प्राची मला म्हणाली, आई, तुम्हीही चला, तेवढंच बाहेर पडणं होईल. गेले. दुकान कसलं, गारेगार शोरूम होती ती. तिथल्या विक्रेत्या मुलीने आधी ना रंग दाखवला ना किंमत सांगितली. तिने विचारलं, “दोघांपैकी जास्त सवय कुणाला आहे?”

प्राचीने हात वर केला. नीलेश हसून म्हणाला, “मी शाळेत असताना चालवली, तीही मित्राची. मला लिंबूटिंबूच धरा.” मग त्या मुलीने त्याला बुटकी, रुंद टायरची सायकल दिली, सीट खाली केली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघायला सांगितलं. प्राचीला तिने उंच, हलकी, गिअरवाली दिली. “शिकणाऱ्याला पाय टेकले की भीती वाटत नाही सर,” ती म्हणाली आणि माझ्या मुलाला त्यात कसलाही कमीपणा वाटला नाही. तो आपला बुटक्या सायकलवर बसून आरशात स्वतःला बघत होता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, आणि त्या एसीत मला घाम फुटला. इतकं साधं होतं? एक प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं आणि त्याप्रमाणे सायकल द्यायची? माझ्याकडे ते उत्तर तेव्हाही तयार होतं. विचारलं कुणी नाही.

मी सायकल शिकले ती अंबरनाथला, बाबांच्या काळ्या चोवीस इंचीवर. बाबा तिथे एका कारखान्यात फिटर होते. त्यांची सायकल माझ्या छातीएवढी. सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. नळीच्या खालून एक पाय पलीकडे घालायचा, अंग वाकडं करायचं आणि अर्धं-अर्धं पायडल मारत जायचं, त्याला आम्ही कैची म्हणायचो. गुडघे फुटले, कोपरं सोलवटली, फ्रॉकचा घेर चेनमध्ये जाऊन फाटला. आई ओरडायची. बाबा नाही ओरडायचे. ते मैदानाच्या कडेला विडी ओढत उभे राहायचे, आणि मी पडले की म्हणायचे, “उचल. आधी सायकल उचल, मग रड.”

बाबांना माझ्या सायकलचं इतकं अगत्य का होतं, ते मला बरंच नंतर कळलं. आमचं गाव साताऱ्याकडचं. आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि एकदा सुट्टीला जाताना त्यांनी एक जुनी सायकल गावी नेली. गावची रीतच होती, गावातून जाताना आमच्या माणसाने सायकलवर बसून जायचं नाही, वेस आली की उतरायचं, हातात धरून गाव ओलांडायचं आणि पलीकडे आपल्या वस्तीकडे जाऊन मग बसायचं. बाबा तेव्हा लहान होते, कॅरिअरवर बसलेले. त्यांनाही उतरवलं. धर्मांतर झालं, गाव सुटलं, अंबरनाथला क्वार्टर मिळाली, पण ते उतरणं बाबांच्या मनातून गेलं नाही. मला पहिल्यांदा सीटवर बसून टांग मारता आली त्या दिवशी ते म्हणाले, “माझ्या बापानं हातात धरून नेली. तू बसून जायचं.” मग मी बसूनच गेले. शाळेत, कॉलेजात, डी. एड.ला, दळणाचा डबा कॅरिअरला बांधून, धाकट्या बहिणीला नळीवर बसवून. अंबरनाथच्या अर्ध्या गल्ल्या मी हात सोडून चालवलेल्या आहेत.

लग्न होऊन बदलापूरला आले, हेंद्रेपाड्यातल्या चाळीत. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. हे अंबरनाथला एमआयडीसीतल्या कंपनीत टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामाला होते. मूळचे कोकणातले, आणि यांच्या वाडीत रस्ता म्हणजे डोंगरात खोदलेल्या पायऱ्या. तिथे सायकल कोण आणणार? हे कधी सायकलवर बसलेच नव्हते. लग्नाआधी मला ते आवडलंही होतं, की या माणसाने सांगून टाकलं, मला सायकल येत नाही, तुला येते म्हणे. असा सरळ बोलणारा नवरा मिळाला म्हणून मी मैत्रिणींत मिरवले होते.

लग्नानंतरच्या जूनमध्ये मला नदीपलीकडच्या एका गावातल्या शाळेत नोकरी लागली. तात्पुरती. मुख्याध्यापक सज्जन होते पण शिस्तीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, आधीच्या दोघी वेळेवर येत नव्हत्या, म्हणून गेल्या. तुम्ही वर्षभर घंटेला हजर राहिलात तर पुढच्या जूनला कायम करण्यासाठी मी स्वतः तुमचं नाव पाठवीन.” माझं सगळं त्या घंटेवर आलं. चाळीत सकाळी नळाला पाणी यायचं, ते भरल्याशिवाय घरातून निघता यायचं नाही, आणि पाणी भरून निघालं की पुलावरून पलीकडे चालत जाईपर्यंत घंटा होऊन गेलेली असायची. एसटीचा भरवसा नव्हता. पावसाळ्यात उल्हास नदीला पूर यायचा, मांजर्लीत घराघरांत पाणी शिरायचं, तेव्हा मुख्याध्यापकांनी समजून घेतलं. सहामाही परीक्षेनंतर मात्र म्हणाले, “आता पाऊस संपला बाई. दिवाळीनंतर सबब चालणार नाही.”

मी घरी येऊन सांगितलं, मला सायकल हवी. दहा-पंधरा मिनिटांत पोचेन. पाणीही भरून होईल, शाळाही होईल. हे लगेच हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, लगेच हो म्हणाले. अडलं ते सासूबाईंपाशी. “सुनेला सायकल नि माज्या पोराच्या पायात चपला? लोकं काय म्हनतील? घ्यायची तं दोगांना घ्या,” त्या म्हणाल्या. ज्याला येत नाही आणि ज्याला नको आहे त्याच्यासाठी सायकल घ्यायची, कारण जिला येते आणि जिला हवी आहे ती त्याची बायको आहे. हा हिशेब आमच्याच घरात नाही, त्या चाळीतल्या कुठल्याही घरात असाच लागला असता. मला तेव्हा राग आला नाही. उलट मला वाटलं, बरंच झालं, हेही शिकतील, दोघं बरोबर निघू, पुलाच्या फाट्यापर्यंत गप्पा मारत जाऊ.

दसऱ्याला उल्हासनगरला गेलो, कॅम्प चारमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे. आमच्याकडे त्या दिवशी विहारात वंदना असते, वाहनांची पूजाबिजा नसते. पण बाजारात सगळीकडे झेंडूच्या माळा, आणि दुकानातल्या ओळीने लावलेल्या सायकलींच्या हँडलांना कुंकू. दुकानदार खूश होता. “बोलो साहब, एक के जोडी?” यांनी सांगितलं, जोडी. “फिर क्या, सवालच नाही. साहब को चौबीस, भाभी को लेडीज. एकदम टकाटक माल.” झालं. निवड झाली. काळी, उंच, दांडगी चोवीस इंची यांच्यापुढे उभी राहिली आणि हिरवी, ठेंगणी, पुढे टोपली लावलेली लेडीज माझ्यापुढे.

यांची उंची बेताची. हे चोवीस इंचीवर बसले तेव्हा पायाचे अंगठे तेवढे कसेबसे जमिनीला लागत होते. मी म्हटलं, “यांना बावीस इंची दाखवा ना.” दुकानदार हसला, “अरे भाभी, बाईस तो पोरंलोक घेतात. साहब को शोभेल का?” मी यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, “अहो, मग असं करू. ही उंच मला राहू दे, मला सवय आहे. तुम्ही लेडीजवर शिका. पाय टेकतात, पडणार नाही. शिकलात की बदलून घेऊ.” यांनी आधी दुकानदाराने ऐकलं का ते बघितलं. मग दातांमधून म्हणाले, “हळू बोल.” एवढंच. त्यावर चर्चा नाही. 

सायकली घेतल्या. आता घरी न्यायच्या कशा? मला तर उल्हासनगर ते बदलापूर म्हणजे किस झाड की पत्ती. पण हे चालत आणि मी सायकलवर, असं कसं दिसणार? टेम्पोवाले सणाचे मिळेनात. म्हणून आम्ही दोघं, दोन कोऱ्या करकरीत सायकली हातात धरून, भर दुपारी कॅम्प पाचमधून अंबरनाथच्या दिशेने चालत निघालो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. डांबर चपलेला चिकटत होतं. नवीन सायकल हातात धरून चालणारं जोडपं बघून लोक थांबायचे. एका पानवाल्याने विचारलं, “क्या भाईसाब, नवीन गाडी, आणि पैदल?” हे म्हणाले, “पंक्चर.” तो म्हणाला, “दोनो?” हे म्हणाले, “दोनो.”

वाटेत माहेर होतं. बाबा दारातच उभे होते. आम्हाला तसं येताना बघून त्यांनी विचारलं, “काय झालं?” यांनी तेच सांगितलं, पंक्चर झाल्या. बाबांनी खाली वाकून माझ्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबला. मग यांचाही दाबला. चारही चाकं दगडासारखी टणक होती.  बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी नजर टाळून आत पाणी प्यायला गेले. मुलगी सायकल हातात धरून दारात आली होती. निघताना, टेम्पोची सोय झाल्यावर, ते माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाले, “शाळेत तरी बसून जा गं.”

आणि मी गेले. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी त्या हिरव्या सायकलवरून शाळेत जायला लागले. लेडीज तर लेडीज! भात कापणी जोरात होती. पुलावरून खाली नदी दिसायची, पलीकडे दोन्ही अंगाला पिवळी शेतं, खळ्यावर झोडणीचा धप्प धप्प आवाज, हवेत तूस आणि तो वास. साडीचा पदर कमरेला खोचलेला, टोपलीत डबा आणि वह्या. घंटेच्या आधी मी शाळेच्या दारात असायचे. मुलं सायकलभोवती गोळा व्हायची. मुख्याध्यापकांनी एकदा व्हरांड्यातून बघून मान डोलावली. एवढी सुखी मी त्याआधी नव्हते, आणि नंतरही नाही, हे मी आता म्हातारपणी बिनदिक्कत सांगते. लोक म्हणतात बाईला मूल झालं की खरं सुख. माझा नीलेश मला प्रिय आहे. तरी सांगते.

यांचं शिकणं पहाटे चालायचं. मांजर्लीकडे नदीच्या अंगाला भात कापून झालेली खाचरं होती, तिथे गाडीवाट होती, आणि पहाटे सहसा कुणी नसायचं. हे चोवीस इंचीवर चढायचे, मी मागून कॅरिअर धरून धावायचे. लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस, वर शाल, पायात यांच्या जुन्या चपला. “समोर बघा, हँडलकडे नाही,” “पायडल मारा, थांबलात की पडाल,” असं ओरडत मी त्या वाटेने किती धावले असेन, त्याची गणती नाही. सायकल तिरकी झाली की यांचे पाय जमीन शोधायचे आणि जमीन सापडायची नाही. मग हे धाडकन आडवे. नडगीला, तळहाताला, आणि एकदा तर नळी जिथे लागू नये तिथे लागली. कापणीला लवकर आलेला एक शेतकरी बांधावरून म्हणायचा, “काय गो वयनी, दादूस शिकला का नाय अजून?” तो मनाचा चांगला होता, पण यांचा चेहरा पडायचा. माझी हिरवी बांधाला टेकवलेली असायची; मी रोज म्हणायचे, माझी घ्या. हे रोज म्हणायचे, नको.

मग ती धुक्याची सकाळ आली. नदीवरून असं धुकं चढलं होतं की सायकलचं पुढचं चाक दिसत नव्हतं. मी म्हटलं, “अहो, आजच्या दिवस माझी घ्या. कोण बघतंय?” हे थांबले. इकडेतिकडे बघितलं. धुकंच धुकं. आणि मग काय वाटलं कोण जाणे, हे माझ्या हिरव्या सायकलवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. यांच्या चेहऱ्यावरची भीती जाताना मी समोरून बघितली. मी कॅरिअर धरलं, थोडी धावले आणि सोडून दिलं. हे गेले. तसेच गेले, सरळ, धुक्यात, आणि आतून आवाज आला, “अगं येतंय! मला येतंय!”

मी चोवीस इंची उचलली, टांग मारली आणि यांच्या मागे गेले. बऱ्याच दिवसांनी उंच सायकल अंगाखाली होती. बाबांची आठवण झाली. मी यांच्या बाजूला आले आणि आम्ही दोघं त्या गाडीवाटेने शेजारी शेजारी चालवत राहिलो. हे हसत होते, मोठ्याने, लहान मुलासारखे. म्हणाले, “उद्यापासून मी तुला फाट्यापर्यंत सोडत जाईन, मग मी स्टेशनला.” ज्याला जी हवी ती त्याच्याकडे होती, आणि दोघांच्या सायकली एका वेगाने चालल्या होत्या. आमच्या संसारात तसं परत कधी झालं नाही. मी उगाच मोठं करून सांगत नाहीये, परत कधीच झालं नाही.

धुक्यातून दुधाची किटली घेऊन आमच्या चाळीतला सुरेश आला. हा यांच्याच कंपनीत होता. दोन पावलांवर येईपर्यंत ना आम्ही त्याला दिसलो ना तो आम्हाला. त्याने आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत यांच्याकडे. आणि किटली खाली ठेवून हसायला लागला. “काय मधुभाऊ, वैनीची गाडी? आणि वैनी चोवीस इंचीवर? आयला, मग घरी भाकऱ्या कोण थापतं, ते तरी सांग!” हे लगेच थांबले. पाय टेकत होते, त्यामुळे थांबणं सोपं गेलं. हे उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. मी हाक मारली. यांनी वळून बघितलं नाही.

दुपारपर्यंत कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बातमी पोचली होती. कुणी विचारलं म्हणे, टोपलीत भाजी आणली का? कुणी यांच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या म्हणे. ते मला सुरेशच्या बायकोकडून कळलं. यांनी स्वतः काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आले ते हातात एक जाड साखळी आणि कुलूप घेऊन. दोन्ही सायकली पॅसेजमध्ये एकमेकींना टेकवून ठेवल्या, दोघींच्या चाकांतून साखळी ओवली, कुलूप लावलं. म्हणाले, “हल्ली चोऱ्या फार होतायत.”

सकाळी पाणी भरून मी निघायला आले तर कुलूप तसंच, आणि हे कंपनीत गेलेले. संध्याकाळी विचारलं, “चावी?” म्हणाले, “अरे हो, खिशातच राहिली. विसरलो.” दुसऱ्या दिवशीही विसरले. तिसऱ्या दिवशी मी आदल्या रात्रीच मागून घेतली तर म्हणाले, सकाळी देतो, आणि सकाळी मी नळावर असताना निघून गेले. एकदाही ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत. ‘सायकल चालवू नको’ म्हणाले नाहीत. भांडले असते तर मी भांडायला तयार होते, जन्मभराचं भांडण झालं असतं तरी चाललं असतं. पण विसरणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? रोज माझी सायकल चावीच्या रूपाने यांच्या खिशात बसून अंबरनाथला जायची आणि संध्याकाळी परत यायची, आणि मी चालत पुलावरून जायचे. सासूबाई म्हणायच्या, “दोन दिस चालून पाय झिजतील काय?” एक दिवस मी शेजारून हातोडी मागून आणली. सासूबाई पॅसेजमध्ये सायकलींसमोर पाट टाकून बसल्या आणि गळा काढून रडायला लागल्या, सून घर फोडते म्हणून. चाळ गोळा झाली.

रविवारी मी यांना समोर बसवून सांगितलं, “माझी नोकरी जाईल.”

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “माझी आहे ना.”

संक्रांतीच्या सुमाराला मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर तिळगुळाची वाटी होती, ती त्यांनी पुढे केली. म्हणाले, “तुमच्या घरच्या अडचणी असतील, बाई. पण पहिल्या तासाला वर्गात कुणी नसतं, पोरं बांधावर पळतात. मला दुसऱ्या बाई मिळाल्यात. गावातच राहतात.” मी त्यांना काय सांगणार होते, माझा नवरा चावी विसरतो? मी तिळगूळ घेतला आणि मुलांना न भेटता निघाले. खळी रिकामी झाली होती, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या. नदी इतकी आटली होती की बायका मधल्या खडकांवर कपडे आपटत होत्या. मी पुलावर थांबले नाही. सरळ घरी आले आणि भात लावला.

आणि ऐका. दुसऱ्या दिवसापासून ती चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकायला लागली. यांना पुन्हा कधीही विसर पडला नाही. “बाजारात जायला घेत जा की,” असंही म्हणाले, प्रेमाने. मी त्या चावीला हात लावला नाही. हेही परत सायकलवर बसले नाहीत. पुढे नीलेश झाला, माझी सायकल यांच्या भाचीकडे गेली आणि चोवीस इंची गंजून भंगारवाल्याकडे. चाळ पाडून इमारत झाली. बाबा गेले. त्यांनी मला परत कधी शाळेचं विचारलं नाही, याचा मला आजही त्रास होतो. विचारलं असतं तर निदान त्यांच्यापाशी तरी बोलले असते.

हे काही वाईट नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्याला एखादा राक्षस डोळ्यांपुढे उभा करायचा असतो. यांनी कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा संडासापर्यंत हात धरून नेलं. एका माणसाला एका दुपारी चार माणसं हसली, त्याची किंमत दुसऱ्या माणसाने आयुष्यभर मोजली, आणि मोजणाऱ्या माणसाला पावतीही मिळाली नाही, असं ते प्रकरण आहे. अशा चांगल्या माणसावर रागावणं फार कष्टाचं काम असतं. ते मी नेमाने करते.

तर शोरूममधून सायकली घरी आल्या. हॉलमध्ये उभ्या केल्या. हे निवृत्त माणूस, तेवढंच काम. घंटी वाजवून बघितली, टायर दाबून बघितले, आणि खुर्चीत टेकून प्राचीला सांगायला लागले, “तुझ्या सासूलाही घेतली होती हो मी. त्या काळात! बायकोला सायकल घेणारा अख्ख्या चाळीत मी एकटा. पण हिला काही बॅलन्स जमेना. मांजर्लीच्या शेतात पहाटे मी मागून कॅरिअर धरून धावायचो. अशी धाप लागायची मला! समोर बघ, समोर बघ, ओरडायचो. शेवटी म्हटलं, जाऊ दे, कुठे पडलीबिडली तर. मग शाळेतली ती नोकरीही हिने सोडूनच दिली, लांब पडते म्हणून.”

मी कुकरचं झाकण हातात घेऊन दारात उभी होते. मी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोटं बोलताना यांच्या भुवया वर जातात, इतक्या वर्षांत मला ते पाठ आहे. भुवया जागच्या जागी होत्या. हे खरंच आठवत होते. ते धुकं, ती गाडीवाट, ती धाप, सगळं यांना आठवत होतं, फक्त धावणारे हे होते आणि पडणारी मी. सासूबाई नाहीत, बाबा नाहीत, सुरेश चाळ सोडून कुठे गेला ठाऊक नाही. सायकलवर बसून दाखवावं तर डॉक्टरांनी मांडीसुद्धा घालू नका म्हणून सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी यांचं बोलणं खोडलं. म्हटलं, “मागून मी धावत होते. सायकलवर तुम्ही होतात. आणि मी नोकरी सोडली नाही, चावी तुमच्या खिशात होती.”

 हे गोंधळून नीलेशकडे बघत म्हणाले, “कसली चावी रे?”

नीलेशने माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि मला खुर्चीत बसवलं. मी परत सांगायला लागले, तर प्राचीने पाण्याचा ग्लास माझ्या ओठांना लावला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, “असू दे आई, वयानुसार होतं असं. आपण तुम्हाला एकदा डॉक्टरांकडे दाखवून येऊ.”